खाडाखोड

मामांनी आपल्या लष्करी आयुष्याच्या आठवणी तीन वह्यांत लिहून काढल्या आणि त्या संगणकावर उतरवून देण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे, बोटे थरथरतात, तरीही अक्षर टपोरे आणि सुटे आहे, एक ओळ सोडून लिहिण्याची शिस्त शेवटच्या पानापर्यंत मोडलेली नाही आणि समासात पेन्सिलीने बारीक नोंदी केलेल्या आहेत. पहिली वही आणि दुसरीचा निम्मा भाग खडकवासल्याचा आहे. उरलेली दुसरी वही डेहराडूनची आणि पलटणीतल्या पहिल्या दिवसांची आहे. १९७१ च्या युद्धाच्या वाट्याला तिसऱ्या वहीतली फक्त ३१ पाने आली आहेत, आणि त्या ३१ पानांवर जेवढी खाडाखोड आहे तेवढी आधीच्या सगळ्या पानांवर मिळून नाही.

आम्हा भाचरांना लहानपणापासून मामा म्हणजे लढाईवर जाऊन आलेला माणूस एवढेच ठाऊक होते. लढाईत काय झाले हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि विचारण्याची आमची छाती झाली नाही. त्यामुळे वह्या हाती आल्या तेव्हा माझे मन तिसऱ्या वहीकडे धावत होते. मामांनी ते ओळखले असावे. ‘क्रमाने टाइप कर. मागचे वाचल्याशिवाय पुढचे समजणार नाही,’ ते म्हणाले. मला तो केवळ त्यांच्या सवयीचा काटेकोरपणा वाटला.

१९६७ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी, सतराव्या वर्षी, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन मामा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. प्रबोधिनीचे उद्घाटन १९५५ च्या जानेवारीत झालेले, म्हणजे ती तेव्हा अवघी बारा वर्षांची होती. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या भूमीवर कामी आलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारने दिलेल्या देणगीतून उभी राहिलेली सुदान ब्लॉकची घुमटाकार इमारत पाहायला आज लोक मुद्दाम जातात. मामांनी लिहिले आहे, की पहिल्या सत्रात त्यांना तो घुमट धड दिसलाच नाही, कारण मान वर करून उभे राहायला सवडच नव्हती. चालत जायचे नाही, धावत जायचे. सायकलवरून जायचे तर तुकडी करून, रांग धरून. आणि ड्रिलची परीक्षा पास झाल्याशिवाय प्रबोधिनीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायचे नाही.

पट्टी परेडचे वर्णन मी दोनदा वाचले. रात्री वरिष्ठ कॅडेट नव्या मुलांना रांगेत उभे करतो आणि पाच मिनिटांत ड्रिलचा गणवेश घालून हजर व्हायला सांगतो. मुले जिन्यावरून धावत खोलीत जातात, कपडे बदलून धापा टाकत खाली येतात. मग पाच मिनिटांत व्यायामाचा पोशाख, मग मेसचा, मग पुन्हा ड्रिलचा. तासाभरात खोलीत कपड्यांचा ढीग होतो आणि त्या ढिगातून डाव्या पायाचा मोजा शोधणे हा आयुष्यातला सर्वांत मोठा प्रश्न होऊन बसतो. एकाची गुंडी लागायची राहिली, की शिक्षा सगळ्यांना. रगडा या शब्दाखाली मोडणारे सगळे प्रकार, खडीवरून कोलांट्या घालत जाण्यापासून ते सायकल डोक्यावर घेऊन धावण्यापर्यंत, मामांनी कुरकुर न करता नोंदवले आहेत. मला मात्र ती पाने उतरवताना काही ठिकाणी राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. त्यांच्या स्क्वाड्रनमधला एक मुलगा दुसऱ्या सत्रात सोडून गेला. त्याच्यावर मामांनी चारच ओळी लिहिल्या आहेत. तो आमच्यात सर्वांत चांगले गाणारा होता आणि जाताना त्याने आपली बूटपॉलिशची डबी माझ्या टेबलावर ठेवली, अशी त्यातली शेवटची ओळ आहे. एवढ्या वर्षांनंतर त्यांना त्या मुलाच्या जाण्याचे कारण आठवत नाही, डबी आठवते.

टाइप करता करता एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. पहिल्या वीस-पंचवीस पानांत ‘मी’ हा शब्द सारखा येतो. मी गेलो, मला भूक लागली, मी रडलो. मग हळूहळू तिथे ‘आम्ही’ येऊ लागतो. आम्ही सिंहगडावर धावत गेलो, आम्हाला शिक्षा झाली, आम्हाला झोप आली. झोपसुद्धा सगळ्यांना मिळून आल्यासारखी. ज्या ठिकाणी लिहिण्याच्या ओघात ‘मी’ पडला आहे तिथे तो मागाहून खोडून वर ‘आम्ही’ केलेले आहे. हे भाषेचे वळण नव्हते. तीन वर्षे एकाच्या चुकीची शिक्षा सर्वांनी भोगली, की माणसाचा ‘मी’ अंगावरून कसा उतरतो, ते त्या खोडलेल्या अक्षरांत दिसत होते. आत्मचरित्र लिहायला बसलेल्या माणसाने ‘मी’ टाळावा याचे मला कौतुक वाटले आणि एका जागी, खरे सांगायचे तर, शंकाही आली. ‘आम्ही’ म्हटले, की श्रेय वाटले जाते हे खरे, पण त्याच शब्दात आणखीही बरेच काही वाटले जाऊ शकते.

पहिल्या वहीच्या अठ्ठ्याऐंशीव्या पानावर तोरण्याच्या शिबिराची हकिकत आहे. तोरणा किल्ल्याच्या परिसरातले हे शिबिर प्रबोधिनीतल्या सर्वांत खडतर शिबिरांपैकी एक मानले जाते. पाठीवर सामान, हातात रायफल, नकाशा आणि होकायंत्राच्या आधाराने रात्रीच्या अंधारात ठरलेली ठिकाणे गाठायची आणि स्क्वाड्रनची इभ्रत राखायची. मामांच्या गटाला उशीर झाला होता. नकाशाप्रमाणे वाट एका सोंडेला वळसा घालून जात होती. मामांनी वळसा टाळून सरळ ओढ्यात उतरण्याचे ठरवले, गट करवंदीच्या जाळ्यांतून ओरबाडत खाली गेला आणि ठरलेल्या वेळेच्या आत मुक्कामी पोहोचला. उस्तादांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या पाठ थोपटण्यावर मामांनी अर्धे पान लिहिले आहे, आणि त्या अर्ध्या पानात खाडाखोड नाही.

डेहराडूनची पाने भराभर गेली. भारतीय सैन्य प्रबोधिनी १९३२ साली सुरू झाली आणि तिच्या उद्घाटनाच्या वेळी फील्ड मार्शल चेटवुड यांनी जे सांगितले ते तिथल्या सभागृहात कोरलेले आहे. देशाची सुरक्षितता, मान आणि कल्याण नेहमी आणि प्रत्येक वेळी पहिले, आपल्या हाताखालच्या जवानांचा मान, कल्याण आणि सुख त्यानंतर, आणि स्वतःचे सुख आणि सुरक्षितता नेहमी आणि प्रत्येक वेळी शेवटी. तिथल्या प्रत्येक कॅडेटला हे पाठ असते. मामांनी ती तिन्ही वाक्ये लिहून खाली एकच ओळ जोडली आहे: ‘यात घाईविषयी काही सांगितलेले नाही.’ ती ओळ मी टाइप केली आणि पुढे गेले. तिचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

१३ जून १९७१ रोजी ते ‘अंतिम पग’ ही प्रबोधिनीतली शेवटची पायरी ओलांडून बाहेर पडले आणि खांद्यावर एकेक तारा लागला. त्याच दिवशी अरुण खेत्रपाल यांनाही अधिकारपद मिळाले. सहा महिने आणि तीन दिवसांनी, १६ डिसेंबरला, शकरगडच्या रणक्षेत्रात बसंतर नदीपलीकडे रणगाड्यांच्या लढाईत ते धारातीर्थी पडले. वय एकवीस. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मामांनी याची नोंद दोन वाक्यांत करून एक अख्खे पान कोरे सोडले आहे. कोरे पान कसे टाइप करायचे हे मला समजेना. शेवटी मी तेही कोरेच ठेवले.

मामा मराठा लाइट इन्फंट्रीत गेले. पलटणीचा क्रमांक त्यांच्या इच्छेवरून मी इथे लिहीत नाही. सेकंड लेफ्टनंट म्हणजे वय एकवीस, मिसरूड नुकतेच जाड झालेले, आणि हाताखाली प्लॅटूनचे तीस-पस्तीस जवान, त्यातले निम्मे आपल्याहून मोठे. दुसऱ्या वहीचा शेवट खऱ्या अर्थाने प्लॅटूनच्या हवालदारांचा आहे. साताऱ्याकडचे, चाळिशीला टेकलेले, १९६५ ची लढाई पाहिलेले. ते मामांना ‘साहेब’ म्हणत आणि मामा त्यांना ‘हवालदारसाहेब’. पाय कसे जपायचे, सरावात पाणी कधी प्यायचे, जवान गप्प झाला तर त्याच्या घरी काय बिनसले असेल याचा अंदाज कसा करायचा, हे प्रबोधिनीत न शिकवलेले सगळे त्यांनी शिकवले. ‘मला दोनदा शिक्षण मिळाले, पहिल्याचे प्रमाणपत्र आहे, दुसऱ्याचे नाही,’ असे मामांनी लिहिले आहे.

पलटण पूर्व सीमेवर गेली तेव्हा निर्वासितांचे तांडे रस्त्यांवरून येतच होते. २५ मार्चच्या रात्रीनंतर पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. आकडा मी शाळेत वाचला होता. मामांच्या वहीत त्या आकड्याऐवजी एक म्हातारी आहे, जी शिवण्याचे यंत्र डोक्यावर घेऊन चालत होती आणि ते खाली ठेवायला तयार नव्हती.

त्या दिवसांत मामांकडे आणखी एक काम होते. जवानांनी घरी लिहिलेली पत्रे तपासायची, त्यात ठिकाणाचा, पलटणीच्या हालचालीचा सुगावा लागेल असे काही असेल तर ते शाईने काळे करायचे आणि सही करून पत्र टपालात द्यायचे. पत्ता म्हणून फक्त ‘द्वारा ९९ एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. कंदिलाच्या उजेडात निळी आंतर्देशीय पत्रे उलगडून वाचणारा एकवीस वर्षांचा मुलगा मला या तीन वह्यांत सर्वांत स्पष्ट दिसतो. बहुतेक पत्रे एकाच साच्याची: पत्रास कारण की, मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी. त्याखाली मात्र प्रत्येकाचे घर वेगळे. कुणाच्या बैलाचा खांदा जुवाने सुजलेला, कुणाच्या बहिणीला बघायला पाहुणे येणार, कुणाच्या भावाला शाळेतून काढू नका अशी वडिलांना विनवणी. ‘दुसऱ्याची पत्रे वाचण्याची लाज वाटे, पण ती वाचली नसती तर ही माणसे मला कधी कळलीच नसती,’ असे मामा म्हणतात. एका जवानाने लिहिले होते, की इकडे जिकडे बघावे तिकडे पाणीच पाणी आहे, यातले एक तळे जरी आपल्या गावाला असते तरी आईची पायपीट वाचली असती. भातशेती, तळी, पाणी या वर्णनावरून आघाडी ओळखता येईल म्हणून मामांनी ती ओळ काळी केली. त्यांनी वहीत लिहिले आहे, की शाई पसरताना हात अडखळला.

आणि मग ती ३१ पाने.

युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी जाहीरपणे सुरू झाले आणि १६ तारखेला ढाक्याच्या रमना रेसकोर्सवर जनरल नियाझी यांनी जनरल अरोरा यांच्यापुढे शरणागतीच्या कागदावर सही केली. तेरा दिवसांत एक देश जन्माला आला आणि सुमारे ९३ हजार माणसे युद्धकैदी झाली. मामांच्या पानांवर यातले फारसे काही नाही. तिथे चिखल आहे, ओले मोजे आहेत, बांधांवरून आणि रस्त्यांच्या भरावांवरून येणारा मशीनगनचा मारा आहे, बांबू तासून जमिनीत रोवलेले टोकदार सुळे आहेत, आणि लुंगी गुडघ्यावर खोचून वाट दाखवणारा मुक्तिवाहिनीचा एक विद्यार्थी आहे. वाक्ये तुटक आहेत. जिथे वाक्य लांबते तिथे ते खोडलेले आहे.

एका रात्री प्लॅटूनला भरावावरच्या एका ठाण्याच्या पिछाडीला वेळेवर पोहोचायचे होते. त्या विद्यार्थ्याने तळ्याच्या कडेकडेने जाणारी लांबची वाट सांगितली. शेतातला बांध सरळ होता, जवळचा होता, पण त्याबद्दल त्याला खात्री नव्हती. प्लॅटूनला वीस मिनिटे उशीर झालेला होता. ठाणे पहाटेच्या आत हाती आले, ठरलेले काम फत्ते झाले. पण सर्वांत पुढे असलेल्या जवानाचा पाय त्या बांधावर सुरुंगावर पडला आणि उजाडण्याआधी तो गेला. वय वीस, गाव माण तालुक्यातले. हे सगळे वहीत दीड पानात आहे.

हे पान टाइप करताना माझ्या हातून एक गोष्ट घडली. सगळ्या हकिकतीत ‘आम्ही’ होते, आम्ही निघालो, आम्ही थांबलो, आणि मध्येच एका वाक्यात ‘आम्ही’ खोडून वर ‘मी’ केलेले होते. मला ती हाताची चूक वाटली. इतर ठिकाणी ते नेमके उलटे करत आले होते, तेव्हा वाक्यांचा मेळ राहावा म्हणून मी इथेही ‘आम्ही बांधावरून जायचे ठरवले’ असे टाइप केले आणि तपासण्यासाठी छापील पाने मामांना नेऊन दिली.

आठवड्याने पाने परत आली. सबंध प्रकरणात लाल शाईची एकच खूण होती. माझा ‘आम्ही’ काटून तिथे ‘मी’ लिहिला होता, वहीतल्यापेक्षा मोठ्या अक्षरात. समासात पेन्सिलीने ‘वही १, पान ८८’ अशी नोंद होती. मी पहिली वही काढली. ते तोरण्याचे पान होते.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते व्हरांड्यात बसले होते. काय विचारावे ते सुचेना, म्हणून मी फक्त म्हणाले, ‘मामा, तो शब्द मी बदलायला नको होता.’

‘तुला ते ठाऊक नव्हते,’ ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. ‘हवालदारसाहेब म्हणाले होते, पोरगा सांगतोय त्या वाटंनं जाऊ या साहेब, उशीर झाला तर झाला. मी म्हणालो, वेळ नाही. एवढेच बोललो. ते हो म्हणाले आणि निघाले. त्यानंतर सोळा वर्षांनी ते वारले, पण त्या रात्रीबद्दल त्यांनी मला एकदाही काही म्हटले नाही.’

‘पण उशीर झाला असता तर दुसऱ्या कुणाचे जीव गेले असते,’ मी म्हणाले.

‘असेल. त्याचा हिशेब मी पन्नास वर्षे मांडून पाहिला आहे. कधी तो माझ्या बाजूने येतो, कधी येत नाही. पण ठरवले कोणी, यात हिशेब नाही. हल्ला आम्ही केला. ठाणे आम्ही घेतले. बांध मी निवडला.’

लढाईनंतर त्यांनी त्या जवानाच्या वडिलांना पत्र लिहिले होते. तुमचा मुलगा शूरपणे लढला, पलटणीला त्याचा अभिमान आहे, असे. त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि तरी ते पत्र अपुरे होते, हे वाक्य वहीत नाही, ते मामांनी मला तोंडी सांगितले. मग म्हणाले, ‘ते दीड पान मला तिथे जाऊन वाचून दाखवायचे आहे. तू येशील का?’

आम्ही फाल्गुनात गेलो. माणच्या माळावर तेव्हाच ऊन तापू लागले होते. आईवडील कधीच गेले होते, धाकटा भाऊ होता. शाळामास्तर होऊन निवृत्त झालेला, साठी उलटून गेलेला. आपला भाऊ ज्यांच्या हाताखाली होता ते साहेब आले म्हणून त्यांनी शेजारच्या दोघांना बोलावू का, असे विचारले. मामा नको म्हणाले. मग त्यांनी खिशातून घडी केलेले कागद काढले, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. ‘मी’ या शब्दाशी ते थांबले नाहीत, आवाजही चढला किंवा उतरला नाही. दीड पान वाचून होईपर्यंत मास्तर भिंतीकडे बघत होते. वाचून झाल्यावर ते उठले आणि आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आता निघावे, असे मला वाटू लागले.

ते आले तेव्हा त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले एक आंतर्देशीय पत्र होते. घड्यांवर विरलेले, कडेला चिकटपट्टी लावलेले. ‘हे दादाचं शेवटचं. मला शाळेतनं काढू नका, असं लिहिलंय बघा यात,’ ते म्हणाले. त्यांनी पत्र मामांपुढे धरले आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे शाईत एक सही होती. ‘ही तुमची का?’

मामांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिले. ‘माझीच.’

‘मग साहेब, एक सांगा.’ मास्तरांचे बोट वर सरकले आणि मधल्या एका काळ्या पट्ट्यावर थांबले. पन्नास वर्षांत ती शाई तपकिरी झाली होती, पण तिच्याखालचे अक्षर दिसत नव्हते. ‘आईनं मरेपर्यंत विचारलं. उन्हात धरून बघितलं, दिव्यावर धरून बघितलं. ह्या वळीत काय लिहिलं होतं त्यानं?’

मामांना आठवावे लागले नाही. त्यांनी हात त्या कागदावर ठेवला आणि म्हणाले, ‘पाण्याचं लिहिलं होतं.’